पर्णबीज : ओळख, लागवड आणि निगा

अश्मरीच्या रुग्णास ‘पानफुटीची दोन पाने रोज सकाळी चावून खा’ असे कधीच सांगितले नाही, असा चिकित्सक आपल्याकडे क्वचितच आढळेल. आम्हीही अनेक वर्षे तसे सांगत आलो. झाड कोठेही लागते, पैसे पडत नाहीत, रुग्णालाही घरचे औषध मिळाल्याचे समाधान वाटते. त्यामुळे या वनस्पतीकडे फार लक्ष द्यावे असे कधी वाटले नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त म्हणजे आमच्याच हातून झालेली एक चूक होय. ती प्रथम सांगणे उचित ठरेल.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, मूत्राश्मरीची एक रुग्णा आमच्याकडे आली. वय पंचेचाळिशीच्या आसपास, सोनोग्राफीत डाव्या वृक्कात लहानसा खडा, मूत्रदाह आणि कटिशूल. गोक्षुरादी योग देऊन आम्ही सवयीने पानफुटी सांगितली. ‘ते झाड कसे ओळखायचे?’ असे तिने विचारले. बाहेर रुग्णांची रांग होती. ‘ज्याच्या पानाला पिले फुटतात ते,’ असे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. पाचव्या दिवशी ती परत आली ती मळमळ, दोन वेळा वमन आणि अंगात त्राण नसल्याची तक्रार घेऊन. नाडी मिनिटाला बावन्न. झाडाची फांदी आणवून पाहिली तेव्हा आमच्या लक्षात सारा प्रकार आला. पेन्सिलीसारखी गोल, ठिपकेदार पाने आणि प्रत्येक पानाच्या टोकाशी पिलांचा झुबका. शेजारच्या गच्चीवर शोभेसाठी लावलेले ते झाड पर्णबीज नव्हतेच. पाने तत्काळ बंद केली, हृदयालेखासाठी रुग्णालयात पाठविले, एक रात्र देखरेखीखाली ठेवले. दोन दिवसांत नाडी पूर्ववत झाली. ही लक्षणे केवळ त्या पानांमुळेच झाली असे सिद्ध करता येणार नाही. परंतु आम्ही सांगितलेली ओळख चुकीची होती, हे सिद्ध करण्यास अन्य पुराव्याची गरज नाही. पिले फुटणे हे एकट्या पर्णबीजाचे लक्षण नव्हे.

त्यानंतर आम्ही रुग्णांना झाड शोधावयास सांगणे बंद केले आणि दवाखान्याच्या अंगणात स्वतः लागवड केली. आमचा दवाखाना रत्नागिरी जिल्ह्यात आहे; त्यामुळे पुढील अनुभव मुसळधार पावसाच्या आणि जांभ्या मातीच्या प्रदेशातील आहे. देशावरील व्यवसायबंधूंनी पाण्याच्या बाबतीत त्यात आपल्यापुरता फेरफार करावा.

पाषाणभेद आणि पर्णबीज

नावांचा घोळ आधी दूर केला पाहिजे. चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय दशेमानीत पाषाणभेद आहे; सुश्रुताच्या वीरतर्वादी गणात अश्मभेदक आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने पाषाणभेद म्हणून बर्जेनिया सिलियाटा या हिमालयीन वनस्पतीचा मूलकंद स्वीकारलेला आहे. प्रत्यक्षात मात्र प्रांतोप्रांती या नावाखाली निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. दक्षिणेत रोटुला अ‍ॅक्वॅटिका, कोठे कपुरमधुरी, कोठे पानओवा, आणि आपल्याकडे व उत्तरेत पर्णबीज. हिंदीतील ‘पत्थरचट्टा’ आणि बंगालीतील ‘पाथरकुचि’ या नावांनी हा गोंधळ आणखी पक्का केला आहे.

पर्णबीज म्हणजे कॅलँको पिनाटा. जुन्या ग्रंथांतील ब्रायोफायलम. ते मूळचे मादागास्कर बेटावरचे. बागांच्या मार्गाने ते भारतात आले आणि येथे रानोमाळ पसरले. चरक-सुश्रुतांचा पाषाणभेद तो हा असणे त्यामुळे संभवत नाही. आधुनिक द्रव्यगुणग्रंथांनी त्याला कषाय-अम्ल रस आणि शीत वीर्य सांगून स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि तेच योग्य होय. रक्तस्तंभन व व्रणरोपण ही त्याची खरी कीर्ती. ‘घायमारी’ आणि उर्दूतील ‘जख्म-ए-हयात’ ही नावे त्याचीच साक्ष देतात. अश्मरीवरील उपयोगाबाबत प्रयोगशाळेत आणि उंदरांवर अनुकूल निरीक्षणे झालेली आहेत. तेवढ्यावरून रुग्णास खडा विरघळण्याचे अभिवचन देऊ नये, असे आमचे मत आहे.

त्याचे कुल क्रॅसुलेसी, म्हणजे मांसल पानांच्या, खडकाच्या भेगेत जगणाऱ्या वनस्पतींचे कुल. या कुलातील थंड प्रदेशीय मंडळी फार चिवट असतात. लडाखमधील सोलो, म्हणजे ऱ्होडिओला, हिवाळ्यात जमिनीवरचा सर्व भाग टाकून देते आणि बर्फाखालच्या जाड मुळातून उन्हाळ्यात पुन्हा फुटते. युरोपातील बागांत सेडम जातीची रोपे वर्षानुवर्षे अशीच जगतात. काही बंधूंनी ती आपल्याकडे लावण्याविषयी आम्हांस विचारले होते. आमचा सल्ला असा की, कोकणात तो खटाटोप करू नये. त्यांना थंडीची विश्रांती लागते, ती येथे नाही; आणि आषाढातला पाऊस त्यांची मुळे पंधरवड्यात कुजवतो. ऱ्होडिओलाच्या कॅप्सूल ठेवणाऱ्या औषधविक्रेत्यांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, ही संपूर्ण प्रजाती २०२२ साली साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आहे.

ओळख

पर्णबीजाचे खोड सरळ, पोकळसर, दोन ते चार फूट उंच. पाने समोरासमोर, जाड, रसाळ, रुंद आणि लंबगोल. कडा बोथट दातऱ्या, बहुधा जांभळट किनारीच्या. खालची पाने साधी. वरच्या पानांत मात्र एका देठावर तीन ते पाच पर्णिका दिसतात. हे संयुक्त पान सर्वांत भरवशाचे लक्षण आहे. फुले हिवाळ्यात येतात. उंच दांड्यावर खाली लोंबणाऱ्या, फुगीर, कागदी कंदिलांसारख्या हिरवट-तांबूस कळ्या, आणि त्यांतून डोकावणारी लालसर नळी. पिले बहुधा पान झाडावरून गळून ओल्या मातीस टेकल्यावर दातऱ्यांच्या खाचांतून फुटतात.

उलटपक्षी, झाडावरच असताना पानाच्या संपूर्ण कडेला पिलांची झालर दिसली, पान लांबट त्रिकोणी आणि मागे ठिपकेदार असले, तर ते कॅलँको डायग्रेमोन्शियाना समजावे. पान गोल काडीसारखे, राखट, ठिपक्यांचे आणि पिले केवळ टोकाशी असतील तर ते कॅलँको डेलागोएन्सिस. आमच्या रुग्णेने खाल्ले ते हेच. दोन्ही झाडे रोपवाटिकांत शोभेची म्हणून सर्रास मिळतात. या दोहोंत बुफाडायेनोलाइड वर्गाची हृदयावर कार्य करणारी द्रव्ये असतात. आपल्या परिचयाच्या रानकांद्यातील द्रव्ये याच वर्गातली. ऑस्ट्रेलियात हे काडीसारख्या पानांचे झाड तण म्हणून माजले असून ते चरल्याने गुरे दगावतात. १९९७ साली न्यू साउथ वेल्समध्ये एकाच प्रसंगी १२५ गुरे मेल्याची नोंद आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पर्णबीजातही या वर्गातील द्रव्ये असतात. ते निर्धोक आणि त्याचे भाऊबंद तेवढे विषारी, अशी सोयीची विभागणी करता येत नाही. गुरांच्या विषबाधेच्या अभ्यासांत पानांपेक्षा फुलोरा अधिक विषारी आढळला आहे. म्हणून झाड फुलावर असताना त्याची पाने पोटात देण्यासाठी खुडू नयेत, हा नियम आम्ही पाळतो.

लागवड

मृगाचा पहिला जोर ओसरला की पक्क पाने निवडावीत. कुंडीत किंवा उथळ खोक्यात ओलसर वाळू पसरून पान त्यावर सपाट ठेवावे. पुरू नये, फक्त एखाद्या खड्याने दाबून ठेवावे. आठ-दहा दिवसांत खाचांतून मुळे व अंकुर दिसतात. पिलांना तीन-चार पाने आली की अलग करून लावावीत. या रोपापासून खुडण्याजोगी पाने मिळण्यास सात-आठ महिने लागतात. घाई असल्यास फांदी लावावी. वीतभर फांदी कापून दोन-तीन दिवस सावलीत तशीच ठेवावी. कापलेला भाग सुकून त्यावर खपली धरली की मगच मातीत खोचावी. ओली फांदी लावली तर ती बुडापासून कुजते. आमच्या पहिल्या बारा फांद्यांपैकी नऊ अशाच गेल्या.

माती भुसभुशीत हवी. एक भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. कुंडीच्या तळाशी विटांचे किंवा जांभ्याचे तुकडे घालावेत आणि भोक मोकळे आहे ना, हे बोट घालून पाहावे. पानफुटी जांभ्याच्या गडग्यावर, मूठभर मातीत आनंदाने वाढते. तीच चिकण मातीच्या सुपीक वाफ्यात पिवळी पडते. यावरून तिची भूक किती, याचा अंदाज यावा. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, ओंजळभर शेणखत पुरेसे आहे. रासायनिक नत्र दिल्यास पाने मोठी होतात खरी, परंतु पाणचट.

ऊन सकाळचे चार-पाच तास मिळावे. चैत्र-वैशाखात दुपारी आडोसा करावा. पाणी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, आणि ते माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच. पावसाळ्यात कुंड्या पागोळीच्या आत, परंतु उजेडात, उचलून घ्याव्यात. कोकणात झाडे मरतात ती जून ते सप्टेंबर या काळात, आणि मरतात ती पाण्याने. खोडाचा बुंधा काळा व मऊ पडला की ते झाड वाचवण्याचा प्रयत्न न करता वरची निरोगी फांदी कापून नवे रोप करावे. झाड बहुवर्षायू असले तरी फुलून गेलेला दांडा पुढे नीट वाढत नाही. तो बुडाशी छाटल्यास बगलेतून नवे फुटवे येतात. दर दोन वर्षांनी नवी रोपे करून जुनी काढून टाकणे सोयीचे पडते.

पान केव्हा खुडावे

हा भाग आम्हांस स्वतःला सर्वाधिक उद्बोधक वाटला. दक्षिण भारतात कंपनी सरकारच्या सेवेत असलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांनी याच झाडाचे पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिले. सकाळी ते चुक्याइतके आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, हे त्यांचे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे वनस्पतिशास्त्रात या प्रक्रियेला क्रॅसुलेसी कुलाचेच नाव मिळाले. कारण असे : ही झाडे पाणी वाचविण्यासाठी दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लरूपाने साठवला जातो. दिवस उगवल्यावर तेच आम्ल मोडून झाड आपले अन्न तयार करते. म्हणून पहाटे आम्ल सर्वाधिक असते आणि मध्यान्हानंतर ते जवळजवळ संपते.

व्यवसायबंधूंनी हा प्रयोग स्वतःच्या जिभेवर करून पाहावा. आम्ही तो केला आहे. एकाच झाडाचे पान सकाळी सात वाजता दात आंबवते आणि दुपारी तीन वाजता गवतासारखे लागते. सावलीत वाढलेल्या झाडाचे पान सकाळीही तितके आंबट लागत नाही, कारण आदल्या दिवशी मिळालेल्या उजेडावर रात्रीचा आम्लसंचय अवलंबून असतो. द्रव्यसंग्रहणाचा काळ आपल्या शास्त्राने का सांगितला, याचे इतके हाताशी असलेले उदाहरण दुसरे आम्हांस ठाऊक नाही. आपण रसावरून द्रव्याचे कर्म ठरवितो. मग ‘पर्णबीज अम्लरसात्मक’ असे लिहिताना पान कोणत्या वेळचे, उन्हातले की सावलीतले, हेही लिहावयास नको काय?

व्यवहारात आम्ही एवढे करतो. अम्लपित्ताची तक्रार असलेल्या रुग्णास पोटात द्यावयाचे पान दुपारनंतर खुडतो. अन्य रुग्णांत सकाळचे घेतो आणि वेळ नोंदवून ठेवतो. बाह्योपचारासाठी, म्हणजे लहानसहान व्रण, ठेच, गळू यांवर गरम करून बांधण्यासाठी, वेळेचा विचार करीत नाही. पान नेहमी खालचे, पक्क, निर्दोष घ्यावे. एका झाडाची एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाने काढू नयेत.

कीड

पिठ्या ढेकूण देठाच्या बगलेत बसतो. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढावा. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीत पानांची चाळण करतात. त्या कंदिलाच्या उजेडात वेचण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही. पान वरून धड दिसत असूनही आतून पोखरलेले, पांढरट पापुद्र्यासारखे झाले आणि आत काळी विष्ठा दिसली, तर ते रेड पायरो या फुलपाखराच्या अळीचे काम होय. काळ्या-पांढऱ्या पंखांचे, मागील पंखावर नारिंगी पट्टा असलेले हे लहान फुलपाखरू पानफुटीच्या कुलावरच अंडी घालते. अशी पाने तोडून बाजूला एका कुंडीत टाकावीत. आम्ही एक झाड त्यांच्यासाठीच राखले आहे. आमच्या कन्येचा तसा आग्रह आहे आणि त्यात आमचे फारसे नुकसानही नाही.

औषधी झाडावर आंतरप्रवाही कीटकनाशक कदापि मारू नये. मांसल पान ते साठवून ठेवते आणि तेच पान आपण रुग्णास कच्चे खावयास देतो. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर पूर्वी काय फवारले होते, हे आपणांस कळत नाही. म्हणून विकत आणलेल्या झाडाची पाने न वापरता त्याच्यापासून केलेल्या पुढच्या पिढीची वापरावीत.

मात्रा आणि निषेध

आमच्याकडे स्वरस पाच मिलिलिटर, दिवसातून दोन वेळा, फार तर सात दिवस, असा क्रम आहे. आवश्यकता भासल्यास मध्ये खंड ठेवून पुन्हा देतो. ‘महिनोन्महिने रोज दोन पाने’ ही प्रथा आम्ही पूर्णपणे सोडली. हृद्रोगी, विशेषतः डिगॉक्सिन घेणारे रुग्ण, मंद नाडीचे रुग्ण, वृक्काची कार्यक्षमता घटलेले, गर्भिणी आणि लहान मुले यांना पोटातून देऊ नये. डिगॉक्सिन आणि पर्णबीजातील बुफाडायेनोलाइड यांची क्रिया हृदयपेशींच्या एकाच यंत्रणेवर होते. दोन्ही एकत्र आल्यास परिणामांची बेरीज होऊ शकते. अनेक ज्येष्ठ रुग्ण ‘हृदयाची गोळी’ एवढेच सांगतात. तेव्हा गोळ्यांचे पाकीट मागवून पाहावे. खडा मोठा असेल, ज्वर असेल, मूत्र अडले असेल, तर पाने देत बसू नये, शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

‘पाषाणभेद’ म्हणून भरड किंवा चूर्ण येते तेव्हा शक्यतो अखंड तुकडे मागवावेत. बर्जेनियाचा मूलकंद टणक, तपकिरी, सुरकुतलेला, उपमुळांच्या खुणा असलेला आणि चवीस स्पष्ट तुरट असतो. त्यात पानांचे अवशेष दिसल्यास माल परत करावा. पर्णबीजाचे वाळवलेले चूर्ण विकण्याच्या भरीस पडू नये. पानात बहुतांश पाणीच. किलोभर पानांतून शंभर ग्रॅमही चूर्ण निघत नाही, वाळण्यास कित्येक दिवस लागतात आणि तोवर बुरशी धरते. त्यापेक्षा ओळख पटलेल्या झाडाची रोपे कुंडीत करून ठेवावीत आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर द्यावीत. कुंडीवर नाव, लागवडीचा महिना आणि ‘फुलावर असताना खाऊ नये’ ही सूचना लिहिलेली असावी. आम्ही आता रुग्णास तोंडी वर्णन न सांगता पाने स्वतः मोजून देतो, आणि ज्यास झाडच हवे असेल त्यास रोप देतो. वर उल्लेखिलेल्या भगिनीही बरी झाल्यावर एक रोप घेऊन गेल्या. गच्चीवरची ती दुसरी कुंडी शेजाऱ्यांकडून काढवून घेण्याचे कामही त्यांनीच केले.

छाटलेल्या फांद्यांविषयी शेवटची सूचना. त्या रस्त्यावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, मोकाट गुरे खातात. सड्यावर किंवा रानातही टाकू नयेत; एकेका पानापासून नवे झाड होते, आणि पावसाळ्यात आमच्या सड्यांवर फुलणाऱ्या नाजूक स्थानिक वनस्पतींत या परदेशी पाहुण्याची भर नको. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात महिनाभर ठेवाव्यात, पूर्ण कुजल्यावर खड्ड्यात पुराव्यात. कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलेले पानसुद्धा फुटते, हे आम्ही आमच्याच दवाखान्यात पाहिले आहे.